तुराटीवरचं माप

३ डिसेंबर, मंगळवार

ही डायरी हरिओमच्या दुकानातली. एका बियाणाच्या कंपनीनं त्याला पुढच्या वर्षाची दिली, त्यानं मला दिली. छापलेल्या तारखा जुळत न्हाईत म्हणून तारीख मीच टाकून राह्यलो. हरिओम माझा शाळेपासूनचा दोस्त. वडीगोद्रीला हायवेवर त्याचं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. आता आम्ही दोघं मिळून एक काम धरलंय.

काम असं. धरणातून पिण्याचं पाणी ज्या विहिरीतून, जॅकवेलमधून, उचलतात, तिच्या तोंडाला खोल पाण्यात लोखंडी जाळी आहे. तिला गाळ, मच्छीवाल्यांची फाटकी जाळी, शेवाळ, प्लास्टिक सगळं अडकतं. मंग गावांचं पाणी बंद ठेवायचं अन् कोणीतरी दम धरून विळा घेऊन बुडी मारायची. मी म्हणलं, पाठीला हवेचा सिलिंडर लावून निवांत साफ करतो, पाणी बंद करायची गरजच न्हाई. हरिओमनं तिथल्या साहेबांना पटवलं. जानेवारीत एकदा उतरून दाखवायचं. जमलं तर काम तीन वर्षांचं.

मला येतं ते. मालवणला दोन सीझन, अंदमानला एक, मंग विशाखापट्टणमच्या बंदरात जहाजांखाली. आईला विचारलं तर ती या सगळ्याला मिळून "कुठं कुठं गेल्ता" म्हणती. पहिल्यांदाच असं काम आलंय की जे मी घरी राहून करीन अन् गावातले लोक नळ सोडतील तेव्हा त्यांना माझं नाव आठवंल. आठवणार न्हाई म्हणा. पण मला आठवंल.

सूट माझ्याकडं आहे. विशाखापट्टणमची कंपनी गुंडाळली तेव्हा सुपरवायझरनं दिला. ड्रायसूट. आत पाणी येतच न्हाई, गळ्यापाशी अन् मनगटापाशी रबर आवळलेलं, पायाला बूट सूटलाच चिकटवलेले. फक्त फिन्स, पोहताना पायात घालायचे रबरी पंख, ते नीट न्हाईत. अंदमानचे पिवळे आहेत, लांब, हलके, टुरिस्टचे. पट्टा पूर्ण ढिला केला तर कसेबसे बुटावर चढतेत. पण ते चालत न्हाईत. का ते उद्या लिहितो, खाली कोणीतरी पतंगाचा मांजा सुतून राह्यलंय, बघून येतो.

५ डिसेंबर

हां, फिन्स. ड्रायसूटच्या आत हवा असती. हवा जिकडं वर तिकडं पळती. पायात हलके फिन्स असले की पाय वर जातेत, मंग सगळी हवा पायात, पाय फुगून आभाळाकडं अन् डोकं चिखलात. मला झालंय एकदा. काहीच करता येत न्हाई, उलटा लटकलेला बकरा तसं वाटतं. वर दोरी धरलेल्या सुपरवायझरनं ओढलं म्हणून आज डायरी लिहून राह्यलो.

म्हणून फिन्स जड पाहिजेत. काळ्या रबराचे, आखूड, कडक, पात्याला चिरा असलेले. मागं पट्टा न्हाई, स्टीलची स्प्रिंग, कारण जाड हातमोजे घालून बक्कल लागत न्हाई. अन् जाळीजवळ पाय वरखाली मारले तर गाळ उठून स्वतःचा हात दिसणार न्हाई. तिथं बेडकासारखं मारायचं, अन् तसंच मागं पण सरकता आलं पाहिजे. लांब पातळ पात्यानं मागं सरकता येत न्हाई.

हे सगळं हरिओमला समजावलं. तो कॉइल गुंडाळत म्हणला, "बदकाचे पाय ते बदकाचे पाय. त्यात काय एवढं पाह्यचं, पोरगी बघायला चालला का?"

"पोरगी पसंत पडली न्हाई तर माणूस मरत न्हाई."

"तुला अनुभव न्हाई मंग," म्हणला. शीतलवहिनी, त्याची बायको, आतून म्हणली, "ऐकू येतंय बरं का."

पुण्याला त्याचा माल आणायचा आहेच, तिथून फिन्स पण आणतो म्हणला. मी म्हणलं माप देतो.

६ डिसेंबर

आज आई अन् सुमित अभिवादनाला गेले. सुमित माझा धाकटा भाऊ, खताच्या दुकानात असतो, सकाळी नऊला जातो अन् रात्री नऊला येतो, त्याला बघून आमच्या जालन्यातल्या मस्तगडातले लोक घड्याळ लावत असतील. मला मेणबत्त्या आणायला पाठवलं होतं. आणल्या. पण वाटेत आठवलं की सूटच्या चेनला मेण चोळावं लागतं, न्हाई तर चेन चिरती. घरी येऊन चोळत बसलो. चोळता चोळता मेणबत्त्या अर्ध्या झाल्या अन् कार्यक्रम सुरू झाल्ता. आई तशीच निघाली. सुमितनं चौकातून दुसऱ्या घेतल्या.

९ डिसेंबर, सोमवार

माप काढलं. आमच्या घरी चपलेचं माप तुराटीवर. तुरीची वाळलेली काडी घ्यायची, पाय तिच्यावर ठेवायचा, टाचेपासून अंगठ्यापर्यंत तोडायची, अन् बाबा बाजाराला जाताना खिशात घालून नेणार. एकदा बाबांनी माझी अन् सुमितची काडी उलटी केली अन् माझ्या चपला त्याला आल्या. तेव्हापासून आई सुमितच्या काडीला खाच पाडायची, माझी साधी. बाबा जाऊन सहा-सात वर्षं झाली, पण चपलेचं माप निघालं की आई अजून काडीच शोधती.

मी सूटचे बूट घालून उभा राह्यलो अन् बुटाच्या बाहेरून माप घेतलं. सुमित हसून हसून लोळला. त्याला पण घालून दाखवला सूट. दोन मोजे घालून सुद्धा त्याचा पाय बुटात नाचत होता.

काडी हरिओमला नेऊन दिली. सांगितलं, "माप पायाचं न्हाई, बुटाचं. पाय कसा पण असो, फिन बुटावर बसतो. दुकानदारानं नंबर विचारला तर सांगूच नको, काडी दाखव." तो फोनवर होता, मान हलवली, काडी कानावर खोचली पेन्सिलीसारखी.

१४ डिसेंबर, धावडा

आज जॅकवेलवर साहेबांना भेटायचं होतं. सकाळी अंबड चौफुलीला उभा होतो तर मिरचीची एक गाडी आली, ड्रायव्हर ओळखीचा निघाला, सर्जेराव. धावड्याकडं चाललो म्हणला, तिथं एका विहिरीत मोटार पडलीय, चार दिवस झाले निघंना. मी म्हणलं तासाभराचं काम. अंगावरच्या कपड्यावर उतरलो, गळ टाकला, निघाली मोटार. मंग जेवण, मंग दुसऱ्या विहिरीत एका म्हातारीची पासबुक अन् आधारवाली पिशवी पडल्ती ती पण काढली. म्हातारी एवढी खूष झाली की हातात मिरच्यांची पिशवीच दिली.

हरिओमला फोन केला, लागला न्हाई. भेटू की साहेबांना, ते काय पळून चालले.

१८ डिसेंबर

काल परत आलो. मिरच्या आईला दिल्या. ती म्हणली, "राजानंद, एक विचारू? तू राहणार का इथं? खरं सांग."

मी म्हणलं, "राहणारच. काम धरलंय ना."

"तीन वर्षं?"

"जास्तच."

मिरचीचे देठ खुडत बसली. मंग म्हणली, "सुमितला पण शिकव की जरा. तुला जोडीला होईल."

बराबर आहे. दोरी धरायला माहितीतला माणूस पाहिजेच.

हरिओम साहेबांच्या भेटीबद्दल काही बोलला न्हाई. मला वाटलं शिव्या देईल. उलट चहा पाजला. चांगला माणूस आहे. फक्त एवढं विचारलं, "सुमितला पोहता येतं का रे चांगलं?"

२२ डिसेंबर, रविवार

हरिओमच्या शेतातल्या विहिरीत सुमितला शिकवलं. सूट दिला न्हाई, गळ्याचं रबर फाटलं तर इथं कोण चिकटवणार. साध्या कपड्यावर, सिलिंडर अन् मास्क, पायात पिवळे फिन्स. पोरगं शांत आहे. मला पहिल्यांदा श्वास घेताना छातीत धडधडलं होतं, हा खाली जाऊन पायरीवर बसला अन् बोटं मोजत असल्यासारखा श्वास घेत राह्यला. बेडकासारखे पाय मारायचं दोन वेळेत जमलं. मागं सरकायचं मी दाखवलं तर तेही.

हरिओमनं मोबाइलवर सगळं शूटिंग केलं. मी म्हणलं माझं पण घे. म्हणला, तुझं काय, तुझं सगळ्यांना माहीत आहे.

सुमितला खताच्या दुकानातून सुट्टी पण मिळाली आठवड्याला एक. मालक कधी सुट्टी देत न्हाई. नशीब.

३० डिसेंबर

फिन्स आले. लई भारी. काळे, जड, हातात घेतले की खाली ओढतेत. चिरा, स्प्रिंग, सगळं मी सांगितलं तसं. मी दुकानातच चप्पल काढून पाय घातला तर टाच बाहेर. चांगली तीन बोटं बाहेर. बुटाचा तर विषयच सोडा.

म्हणलं, "हरिओम, हे काय आणलं? काडी दाखवली न्हाई का?"

"दाखवली ना. दुकानदारानं गफलत केली असंल."

"बुटाचं माप होतं ते. हे तर माझ्या पायाला पण न्हाई."

"बदलून आणतो राजा. तू टेन्शन नको घेऊ."

शीतलवहिनी चहा घेऊन आल्ती, कप ठेवून लगेच आत गेली. नेहमी बसती गप्पा मारत. भांडण झालं असंल दोघांचं.

बिचारा सुमित पण आज तिथंच होता. मी पाणी प्यायला गेलो अन् आलो तर त्यानं एक फिन पायात घातला होता, पट्कन काढला. त्याला बरोबर बसत होता. म्हणलं, घे तुलाच बसले. तो हसला न्हाई.

७ जानेवारी

थंडी. हरिओमचा फोन, साहेबांना सूट दाखवायचाय, आणून ठेव. नेऊन ठेवला. सिलिंडर, मास्क, पिवळे फिन्स सगळं एकाच पोत्यात. दोरीची गाठ कशी मारायची ते पण परत दाखवलं, त्यानं या वेळेस नीट ऐकलं, दोनदा मारून पण बघितली. चाचणी सव्वीस जानेवारीच्या पुढं गेली म्हणला. फिन्स बदलायला पुण्याला टाकलेत म्हणे.

मंग काय करावं. सर्जेराव परत बोलवून राह्यलाय. आधी जातो म्हणलं होतं, पण जात न्हाई. आईला शब्द दिलाय.

११ जानेवारी, शनिवार

आजचं सगळं लिहायचं आहे.

सकाळी वाटलं, सूट किती दिवस पोत्यात आहे, चेनीला मेण लावून यावं. मेणबत्ती खिशात घालून वडीगोद्रीला गेलो. दुकान अर्धं उघडं, वहिनी एकटी.

"भाऊजी, तुम्ही इकडं?" म्हणली. "ते तर धरणावर गेले ना सकाळीच. सुमित भाऊजींना घेऊन."

"कशाला?"

तिनं पदर तोंडाला लावला. म्हणली, "मला वाटलं तुम्हाला सांगितलं असंल आता."

मी गल्ल्यावर टेकलो. तिथं वार्निशचा डबा होता अन् डब्यात ढवळायला काडी. तुराटी. माझी. अर्धी वार्निशनं पिवळी झाली होती. अन् गल्ल्याच्या खणात, फिन्सच्या रिकाम्या खोक्याजवळ, दुसरी काडी. आखूड. एका टोकाला खाच.

ती खाच हरिओम पाडत न्हाई. ती खाच जगात एकच बाई पाडती.

दोन्ही काड्या घेऊन निघालो. ट्रॅक्टरवर गेलो, मंग चालत. जॅकवेलच्या पुलावर साहेब खुर्चीवर, अजून दोन माणसं. पायरीवर सुमित माझा सूट घालून बसल्ता. हरिओम त्याच्या पायाशी बसून काळ्या फिनला भांडी घासायचा साबण लावून राह्यला होता. बुटाचा फक्त चवडा आत जायचा. पुण्याला बदलायला टाकलेत म्हणला होता तेच फिन्स.

हरिओमनं वर बघितलं. "राजा. आलास, बरं झालं."

"बरं कसं काय झालं?"

साहेब म्हणले, "हे कोण?"

हरिओम म्हणला, "आपलाच माणूस आहे सर. मदतीला असतो."

मी सुमितकडं बघितलं. सुमित खाली बघून राह्यला होता.

साहेबांनी घड्याळ बघितलं. हरिओमनं साबणाचे हात पँटीला पुसले अन् पोत्यातून पिवळे काढले. "हे घाल सुमित. जाळी हातानं चाचपून यायचं फक्त. चाचणीच तर आहे."

सुमितनं पट्टा ढिला केला. एक फिन चढवला पण.

अन् मला काय वाटत होतं ते लिहितो, कोणी वाचणार न्हाई. वाटलं जाऊ दे. उतरू दे. वर पाय होतील, हरिओम ओरडंल, साहेब उठून उभे राहतील, अन् मंग मलाच हाक मारतील. एवढं सगळं एका दमात वाटलं. सुमितनं दुसरा फिन उचलला.

"पिवळे घालू नको," मी म्हणलं.

"हळू जाईन दादा."

"हळू गेला तरी हवा पायात जाती. मी उलटा झालो तेव्हा माझ्या दोरीला शिकलेला माणूस होता. तुझ्या दोरीला हा आहे."

सुमितनं हरिओमकडं बघितलं, मंग माझ्याकडं. मंग फिन काढून ठेवला. साहेब म्हणले, तयारी झाली की सांगा, अन् गाडीत बसले.

गाडी गेल्यावर हरिओम उठला. "आता बोल काय बोलायचं ते. पण आधी ऐक. तू मिरचीच्या गाडीत बसून गेलास त्या दिवशी साहेब दोन तास उन्हात थांबले. मी काय सांगू त्यांना? आमचा डायव्हर कुणाची तरी पिशवी काढायला गेला?"

"मोटार काढली. पिशवी नंतर."

"बघ. तीन वर्षांचं काम आहे राजा. तू तीन वर्षं कुठं राह्यलास, एक जागा सांग."

"मला विचारायचं होतं. मी सुमितला स्वतः शिकवलं असतं."

"शिकवलंसच की."

मी पिवळे फिन्स परत पोत्यात टाकले.

"विचारलं असतं तर तू राहतो म्हणला असतास," हरिओम म्हणला. "मंग आम्ही परत तुझ्यावर भरोसा ठेवला असता."

मी खिशातून माझी काडी काढली अन् सुमितच्या पायाला, म्हणजे बुटाला, लावली. टाच ते टोक. बराबर. केसाचा फरक न्हाई. हरिओम बघत राह्यला. त्याला कळायला वेळ लागला, अन् कळलं तेव्हा त्यानं डोक्यावरची टोपी काढून मांडीवर आपटली. सूट एकच, बूट एकच. आत पाय माझा असो का सुमितचा, माप तेच. हीच काडी पुण्याला नेली असती तर आज सुमित खाली गेला असता अन् मला पत्ता पण लागला नसता. माझं काम माझ्याच काडीनं गेलं असतं, साफ.

चेनीला मेण लावायचं म्हणून सूट पोत्यात घालून घरी आणला. आई भाकरी करत होती. खाचेची काडी तिच्यासमोर ठेवली.

तिनं बघितली. "हरिओम म्हणला सुमितचं माप द्या. दिलं."

"उघड्या पायाचं?"

"चपलेला घेतेत तसंच. दुसरं कसं घेतेत?"

"मला सांगायचं ना माय." मी लहानपणानंतर तिला माय म्हणलो न्हवतो.

"सांगितलं असतं तर तू रुसून गेला असतास."

"कुठं जाणार होतो मी?"

तिनं भाकरी उलटली. "ते तुला तरी कुठं माहीत असतं," म्हणली, अन् ताट वाढलं. सुमितचं अन् माझं, शेजारी शेजारी, नेहमीसारखं. सुमित जेवायला आलाच न्हाई.

१२ जानेवारी, रविवार

सकाळी सुमित उंबऱ्यात येऊन उभा राह्यला. "दादा, मला सांगितलं होतं की तू विशाखापट्टणमला परत चाललास. तुलाच नकोय म्हणून मी. देवाशप्पथ."

"कोण म्हणलं?"

त्यानं आत चुलीपाशी बसलेल्या आईकडं बघितलं.

मंग म्हणला, "हरिओम भाऊ फिन्स परत मागवून राह्यलेत. ती काडी पाहिजे."

मी म्हणलं देतो. आत जाऊन बसलो. विळी शेजारीच होती. वार्निश लागलेलं टोक दोन बोटं उडवलं असतं तर परत लहान मापाचं खोकं आलं असतं, परत साबण, परत साहेबांनी घड्याळ बघितलं असतं. विळीवर धरून पण बघितली.

न्हाई कापली. आहे तशी कोनाड्यात ठेवली, आईच्या काडीशेजारी. सुमितला म्हणलं, घेऊन जा, बुटाचं माप आहे, सांग त्याला, पायाचं न्हाई.

दुपारी, जालना स्टँड

सर्जेराव गाडी घेऊन येतो म्हणला, अजून आला न्हाई. समोर एकजण रताळी उकडून विकतोय, चुलीला पत्र्याचा असा काही भोंगा केलाय की धूर बरोबर रस्त्याच्या बाहेर जातो. त्याला विचारलं कसा केला, त्यानं चित्र काढून दाखवलं.

सूट पोत्यात आहे, माझ्या पायाशी. बूट त्यालाच चिकटलेले. ते फिन्स येतील, या वेळेस माप बराबर असंल, ते कशावर चढवायचे ते हरिओम बघून घेईल.

एकच गोष्ट कळंना. मी जाणार हे आईला महिन्याभराआधी कसं माहीत होतं. मला तर आज सकाळी कळलं.